ड्रॉइंग बोर्ड बार्शीत, शिक्षक सोलापुरात

वास्तुकलेचा स्टुडिओ, म्हणजे मुलं आराखडे काढतात आणि शिक्षक ते तपासून दुरुस्त्या सुचवतात तो तास, ऑनलाइन कसा चालवायचा, यावर या वेळी बरेच प्रश्न आले. शहरात शिकवणारे शिक्षक, बार्शी-पंढरपूर-अक्कलकोटकडे राहणारी मुलं आणि काळजीत पडलेले पालक, सगळ्यांनीच लिहिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : पहिल्या वर्षाच्या वीस मुलांचा डिझाइन स्टुडिओ मी आठवड्यातून दोन दिवस ऑनलाइन घेते. मुलं लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर शीट धरतात. मला पांढरा कागद दिसतो, रेषा दिसत नाहीत. मी सांगितलेलं करेक्शनही त्यांना नीट कळत नाही. कमी खर्चात काय करता येईल? (एक शिक्षिका, जुळे सोलापूर)

उत्तर : दोष नेटचा कमी आणि गणिताचा जास्त आहे. व्हिडिओ कॉलचं चित्र बहुधा आडवं १२८० आणि उभं ७२० ठिपक्यांचं असतं. एटू शीट ५९४ बाय ४२० मिलिमीटरची. तिची उंची चौकटीत पूर्ण मावायची तर आडव्यात जवळजवळ ७५ सेंटिमीटर टेबल दिसतं आणि एका मिलिमीटरच्या वाट्याला १.७ ठिपके येतात. एच पेन्सिलची रेष साधारण पाव मिलिमीटरची, तीही फिकट. ती अर्ध्या ठिपक्याहून बारीक पडते. शिवाय कॉलचं सॉफ्टवेअर चित्र दाबून पाठवतं, त्यात ती कागदाच्या रंगात मिसळून जाते. घरी फायबरची लाइन घेतली तरी ती दिसणार नाही.

म्हणून शीट आणि कॉल वेगळे करा. शीटचा फोटो आदल्या रात्री नऊपर्यंत सामायिक फोल्डरमध्ये यायला हवा. १२ मेगापिक्सेलचा फोन आडव्यात ४००० ठिपके देतो, म्हणजे एटू शीटवर मिलिमीटरमागे साडेसहाच्या पुढे. एवढ्यात पेन्सिलची रेष स्वच्छ वाचता येते. एवन शीट असेल तर चार भागांत फोटो घ्यायला सांगा. शीट जमिनीवर, खिडकीच्या उजेडात पण थेट उन्हात नाही, फ्लॅश बंद, कॅमेऱ्याची जाळी चालू आणि शीटच्या चारही कडा जाळीला समांतर. फोन जरासा कलला तरी चौरस खोली पतंगासारखी दिसते आणि तुम्ही नसलेली चूक दुरुस्त करत बसता. फोटो वॉट्सॲपवर साधा पाठवला तर त्याचा आकार कमी होतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा येतो. फाइलच्या नावात रोल नंबर, टप्पा आणि तारीख असावी. ‘फायनल’ आणि ‘फायनल नवीन’ या नावांनी सगळा फोल्डर गोंधळतो.

आता तुमचं करेक्शन. वर्गात आपण मुलाच्या शीटवर बटर पेपर टाकतो आणि त्यावर रेघोट्या ओढतो. मुलगा आपला हात बघत शिकतो. तो हात पडद्यावर दिसलाच पाहिजे. शीटच्या फोटोची एथ्री प्रिंट झेरॉक्सच्या दुकानातून काढा, त्यावर बटर पेपर चिकटवा आणि वर फोन लटकवा. टेबलाच्या कडेला चिमट्याने बसणारा, लवचिक मानेचा मोबाइल होल्डर पुरतो. एथ्रीसाठी फोन कागदापासून सुमारे ४५ सेंटिमीटरवर, एटूसाठी ६० ते ६५ सेंटिमीटरवर. करेक्शन पेन्सिलने करू नका, ०.८ चं पेन किंवा लाल स्केचपेन घ्या. छताची ट्यूब बटर पेपरवर चमकते आणि फोनची सावली कागदावर पडते, म्हणून ट्यूब बंद करून दोन टेबल लॅम्प दोन्ही बाजूंनी तिरपे लावा. एकच असेल तर उजव्या हाताने काढणाऱ्याने तो डावीकडे ठेवावा.

हा फोन त्याच मीटिंगमध्ये दुसरा सदस्य म्हणून जोडा. त्याचा माइक आणि आवाज दोन्ही बंद, नाहीतर कॉलमध्ये घुमतं. फोन आडवा पालथा लटकला की चित्र मध्येच फिरतं. कारण अशा स्थितीत वर-खाली कुठलं हे त्याला कळत नाही. आधी फोन हातात आडवा धरा, चित्र सरळ झालं की रोटेशन लॉक करा आणि मगच होल्डरमध्ये अडकवा.

वीसही मुलांना एकदम बसवू नका. पाच-पाचचे गट, प्रत्येक गटाला ४५ मिनिटं. एकट्याला बोलावणंही टाळा. स्टुडिओतलं निम्मं शिक्षण शेजाऱ्याचं करेक्शन ऐकून होतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याही होल्डरने सुटत नाही. पडद्यावर सगळ्यात आधी प्रमाण हरवतं. कॅडमध्ये, म्हणजे आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, माउसच्या चाकावर बोट फिरवलं की घर मुठीएवढं होतं किंवा भिंतीएवढं, आणि मुलाला दोन्ही सारखंच वाटतं. मग साठ सेंटिमीटरची दारं आणि सात मीटरचं स्वयंपाकघर येऊ लागतं. प्रत्येक शीटवर ०–१–२–५ मीटरची काढलेली पट्टी आणि एक उभा माणूस सक्तीचा करा. नुसतं ‘१:१००’ लिहून भागत नाही. एटू शीट एथ्रीवर छापली की तेच प्रमाण १:१४१ होतं आणि त्यावर स्केलपट्टी लावून घेतलेलं प्रत्येक माप चुकतं. दर आठवड्याला एक खोली खडूने गच्चीवर खऱ्या मापात काढायला लावा. १.२ बाय २.१ मीटरची न्हाणी काढायची, त्यात ७५ सेंटिमीटरचं दार उघडून दाखवायचं, बादली ठेवायची, वाकायचं. त्याचा मिनिटभराचा व्हिडिओ पाठवायचा. हा गृहपाठ वगळू नका. वर्गात शिक्षक हात पसरून जे माप दाखवायचा, ते इथे मुलाच्या अंगात असं उतरवावं लागतं.

प्रश्न : मुलीला आर्किटेक्ट व्हायचं आहे. घरी बसून, पत्राने किंवा ऑनलाइन पदवी मिळते अशी जाहिरात पाहिली. बाहेरगावी ठेवायची ऐपत नाही. अशी पदवी चालेल का? (एक पालक, पाच्छा पेठ)

उत्तर : नाही. आर्किटेक्ट ही उपाधी १९७२च्या वास्तुविशारद कायद्याने राखलेली आहे. वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय ती नावापुढे लावता येत नाही आणि नोंदणीसाठी मान्यताप्राप्त महाविद्यालयातली पाच वर्षांची नियमित पदवी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२०च्या दूरशिक्षण नियमावलीत जे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन देता येत नाहीत, त्यांत वास्तुकला आहे. कोरोनाच्या काळात वर्ग ऑनलाइन झाले, पण ते नियमित पदवीचेच वर्ग होते. जाहिरातवाले नेमका हा फरक पुसतात. पैसे भरण्याआधी महाविद्यालयाचं नाव परिषदेच्या संकेतस्थळावरच्या यादीत पाहा. जाहिरातीतलं ‘मान्यताप्राप्त’ एवढं वाचून थांबू नका. ‘नाटा’ या वास्तुकलेच्या प्रवेश परीक्षेची तयारी, फ्रीहँड ड्रॉइंगचा सराव, ‘स्वयं’ या सरकारी संकेतस्थळावरचे वास्तुकलेचे अभ्यासक्रम हे सगळं मुलीला घरून, बहुतेक फुकटात करता येईल आणि त्याचा खरा उपयोग होईल.

प्रश्न : मी दुसऱ्या वर्षाला आहे. घराला लागून यंत्रमाग आहे, दिवसभर खडखड. फोनवर रोजचा दीड जीबी डेटा, दोन तासांत संपतो. लॅपटॉप जुना आहे. मागे पडायला नको म्हणून काय करू? (एक विद्यार्थी, अशोक चौक)

उत्तर : आधी डेटाचा हिशेब मांडू. एक एमबीपीएसने चाललेला व्हिडिओ तासाला ४५० एमबी खातो. चांगल्या दर्जाचा कॉल तीन एमबीपीएसपर्यंत जातो, म्हणजे तासाला १.३५ जीबी. तुझा डेटा दोन तासांत संपतो तो इथेच. कॉलच्या सेटिंगमध्ये येणारं चित्र कमी दर्जाचं कर, स्वतःचा कॅमेरा फक्त तुझी पाळी आली की चालू कर. नुसता आवाज ऐकलास तर तासाला ५० एमबीच्या आसपास लागतात. शीट फोल्डरमध्ये आधीच असेल तर आवाजावर करेक्शन उत्तम चालतं, मात्र त्यासाठी शीटवर जाळी हवी. आडवे अ ते ए, उभे १ ते ६ असे चौकोन पेन्सिलने आखून घे, म्हणजे सरांना ‘इ-४मधली खिडकी’ असं बोट ठेवून सांगता येईल.

मागाच्या आवाजाला कानात बसणारा वायरचा हेडफोन घे, ज्याचा माइक तोंडाजवळ येतो. लॅपटॉपचा माइक खोलीभरचा आवाज गोळा करतो आणि सॉफ्टवेअर खडखड गाळताना तुझे शब्दही गाळतं. बोलायचं नसेल तेव्हा म्यूट. सतत अडचण असेल तर करेक्शन लेखी मागायला संकोच करू नकोस. शीटचा फोटो, दोन मिनिटांचा तुझ्या आवाजातला खुलासा, आणि उत्तरादाखल सरांचा आवाज व खुणा केलेला फोटो. ही पद्धत कॉलपेक्षा हळू आहे, पण सांगितलेलं पुन्हा ऐकता येतं.

वीज गेल्यावर राउटर बंद पडत असेल तर त्यासाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या ॲडॉप्टरवरचा आकडा बघ, ९ व्होल्ट की १२ व्होल्ट. चुकीचा लावला तर राउटर जळू शकतो.

जुन्या लॅपटॉपवर रेव्हिटसारखं जड सॉफ्टवेअर ओढू नकोस. दुसऱ्या वर्षाचे प्लॅन-सेक्शन लिब्रेकॅडसारख्या हलक्या, मोफत सॉफ्टवेअरवर निघतात, आणि हाताने काढलेली शीट नीट फोटो घेतली तर ती कुठेही कमी नाही. ऑटोकॅडची विद्यार्थी आवृत्ती फुकट आहे, दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं, पण तिला बरी मेमरी लागते. लॅपटॉप बदलायची वेळ आली तर पडद्याच्या आकाराआधी १६ जीबी रॅम आणि एसएसडी बघ.

प्रश्न : हवामान आणि बांधकाम हे दोन विषय शिकवतो. मुलं पंढरपूर, मोहोळ, अक्कलकोट अशी विखुरलेली. साइटवर नेता येत नाही. स्लाइड दाखवून हे विषय शिकवणं मनाला पटत नाही. (एक प्राध्यापक, विजापूर रोड)

उत्तर : न पटणं बरोबर आहे. पण मुलं विखुरलेली आहेत ही या दोन विषयांसाठी अडचण नाही, सोय आहे. एका वर्गात एकच छप्पर असतं. तुमच्याकडे वीस गावांत वीस छपरं आहेत.

सूर्यापासून सुरू करा. प्रत्येकाने गच्चीवर ओळंब्यात ३० सेंटिमीटरची काठी उभी करायची, तोच आपला सावली मोजायचा जुना शंकू. तिच्याभोवती डिसेंबरात ४० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायचं. सकाळी दहाच्या सुमारास सावलीचं टोक वर्तुळाला आत जाताना शिवतं आणि दुपारी पावणेतीनच्या सुमारास बाहेर पडताना. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते, तिला काटकोनात उत्तर. फोनचं होकायंत्र लोखंडी कपाट, सळया, माग यांच्याजवळ चुकतं, हे मुलांना इथेच कळेल. सावली सर्वांत लहान बाराला होत नाही, हेही. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर लावलेली आहेत आणि सोलापूर ७५.९ अंशांवर आहे. अंशाला चार मिनिटं धरून २६ मिनिटांचा फरक पडतो, त्यात ऋतूप्रमाणे थोडी कमी-जास्त होते. २१ डिसेंबरला मध्यान्ह १२ वाजून २४ मिनिटांच्या आसपास येतो.

सोलापूर १७.७ अंश उत्तर अक्षांशावर. त्यामुळे २१ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य ४८.९ अंशांवर असतो आणि काठीची सावली २६.२ सेंटिमीटर पडायला हवी; २१ मार्चला सूर्य ७२.३ अंशांवर, सावली ९.६. मुलाचं माप सेंटिमीटरभर चुकलं तर काठी ओळंब्यात नाही किंवा गच्चीला उतार आहे. तो उतार शोधायला लावा, गच्चीवरचं पाणी कुठे जातं हे त्याला आयुष्यभर लक्षात राहील. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मध्यान्ही काठीला सावलीच नसते. ते दोन दिवस चुकवू नका.

मग छज्जा. दक्षिणेच्या खिडकीची उंची १.२ मीटर असेल आणि मार्चच्या मध्यान्ही पूर्ण सावली हवी असेल तर १.२ भागिले ७२.३ अंशांची टॅन, म्हणजे ३८ सेंटिमीटर छज्जा. तोच छज्जा डिसेंबरात वरच्या ४४ सेंटिमीटरवरच सावली देतो आणि थंडीतलं ऊन खाली आत येतं. पश्चिमेच्या खिडकीला हे गणित लावून बघायला सांगा. उतरत्या सूर्यापुढे कितीही लांब छज्जा कमी पडतो आणि उभे पडदे किंवा जाळी का लागते, ते आकडेच सांगतात.

पुढचा प्रयोग एप्रिलचा. साध्या डिजिटल थर्मामीटरने सकाळी सहा ते रात्री दहा, दर दोन तासांनी खोलीतलं तापमान. थर्मामीटर जमिनीपासून चार फुटांवर, भिंतीला न टेकवता, उन्हापासून दूर. कुणाच्या घरी पत्रा, कुणाकडे स्लॅब, कुणाच्या आजोळी माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवरचं मातीचं छत. सगळे आकडे एकाच सामायिक तक्त्यात भरायचे. पत्रा उन्हाबरोबर तापतो आणि उन्हाबरोबर निवतो. स्लॅब दिवसभर साठवलेली उष्णता संध्याकाळी खोलीत सोडतो. माळवदाची रेघ सगळ्यात सपाट येते. खिडक्या कधी उघड्या होत्या हे लिहिलं नसेल तर ते आकडे वापरू नका.

ज्यांच्या गावात माळवदाचं घर आहे त्यांना त्याची मोजणी द्या. खणांची संख्या, तुळईची जाडी, वरची किलचणं (तुळयांवर अंथरलेली लाकडं), त्यावरचा मातीचा थर. थराची जाडी फोडून बघावी लागत नाही, उजेडासाठी ठेवलेल्या साण्याच्या कडेला टेप लावला की मिळते. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्यायलाच हवेत. चार भिंती मोजून काढलेला प्लॅन कागदावर नेहमी काटकोनात बसतो, जुनं घर तसं नसतं; ३ बाय ४ मीटरच्या खोलीचा कर्ण ५ मीटर आला नाही की कळतं. खोल्यांच्या पातळ्यांसाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते, मात्र नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप फसतं.

साहित्याच्या दोन चाचण्या घरी होतात. कोरडी वीट किराणा दुकानाच्या काट्यावर तोला, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा तोला. वाढलेलं वजन कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत हवं. कोरडी म्हणजे खरंच कोरडी, पावसाळ्यात अंगणातून उचललेली वीट खोटं उत्तर देते. दुसरी वाळूची : सरळ कडांच्या काचेच्या बाटलीत निम्मी वाळू, वर चिमूटभर मीठ घातलेलं पाणी, जोरात हलवून तीन तास ठेवायची. वर बसलेल्या गाळाची जाडी वाळूच्या जाडीच्या आठ टक्क्यांपुढे गेली तर वाळू धुवावी लागेल. दर मुलाकडून बाटलीचा पट्टी लावून घेतलेला फोटो मागवा. वीस बाटल्यांचे फोटो शेजारी-शेजारी लावले की वर्गाला वेगळी स्लाइड लागत नाही.

प्रश्न : मॉडेल कॅमेऱ्यावर खेळण्यासारखं दिसतं. जागा आतून कशी दाखवायची? (एक विद्यार्थिनी, होटगी रोड)

उत्तर : कारण तू वरून दाखवतेस. माणसाचा डोळा दीड मीटरवर असतो. १:५०च्या मॉडेलमध्ये ते ३ सेंटिमीटर, १:१००मध्ये दीड. फोनची लेन्स वरच्या कोपऱ्यात असते, म्हणून फोन उलटा धर, लेन्स टेबलाला लागते आणि बरोबर डोळ्याच्या उंचीवर येते. व्हिडिओ नंतर सरळ करून घे. मॉडेलची एक भिंत सुटी ठेव, तिथून फोन आत शिरेल. सावल्या दाखवायच्या तर टॉर्च नको, तिचे किरण फाकतात आणि सावली फुगते. मॉडेल गच्चीवर ने आणि उत्तरेची खूण खऱ्या उत्तरेला लाव. १:१०० ला २ मिलिमीटरचा माउंट बोर्ड म्हणजे २० सेंटिमीटरची भिंत, ९ इंचीच्या जवळ. १:५० ला ५ मिलिमीटरचा सनबोर्ड म्हणजे २५ सेंटिमीटर. ५ मिलिमीटरचा बोर्ड १:१०० ला वापरलास तर घर किल्ल्यासारखं दिसेल.

प्रश्न : ऑनलाइन ज्युरीत, म्हणजे मुलं काम मांडतात आणि परीक्षक प्रश्न विचारतात त्या परीक्षेत, काम मुलाचं स्वतःचं आहे की कुणाकडून करून घेतलेलं, हे कसं ओळखायचं? (एक शिक्षक, सात रस्ता)

उत्तर : शेवटच्या शीटवरून ओळखता येत नाही, म्हणून तिला निम्म्याहून कमी गुण ठेवा. बाकीचे गुण टप्प्यांना : साइटची मोजणी, पहिले तीन पर्याय, टाकून दिलेला पर्याय आणि तो का टाकला याच्या चार ओळी. तारखांचे हे फोटो फोल्डरमध्ये आधीपासून असतील तर संशय आपोआप कमी होतो. एका रात्रीत आलेलं सुबक काम मात्र प्रश्न विचारण्याजोगं.

ज्युरीत दहा मिनिटं राखून ठेवा आणि एकच बदल कॅमेऱ्यासमोर हाताने करायला सांगा. जिना यासाठी सर्वांत चांगला. ‘मजल्याची उंची ३ मीटर, जिना उत्तरेच्या भिंतीला हलव.’ ज्याने स्वतः काढलं आहे तो लगेच मोजू लागतो : १५ सेंटिमीटरच्या २० पायऱ्या, दोन फेऱ्यांत दहा-दहा, दर फेरीत पाय ठेवायच्या ९ पट्ट्या, पट्टी २५ सेंटिमीटरची धरली तर २.२५ मीटर, वर एक मीटरची मधली चौकी. मग तो थांबतो आणि विचारतो, ‘सर, चौकीखालून न्हाणीत जायचंय, डोकं लागेल.’ चौकी दीड मीटरवर येते, लागणारच. हा प्रश्न त्याच्याकडून आला की पूर्ण गुण द्या, मग रेष वाकडी का असेना.